एफझीचा कार्बोरेटर आणि तीन रविवार

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. पीयूसीच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ५.१ टक्क्यांवर जाऊन थांबला. २०१० सालच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्क्यांची. गाडी नापास.

गाडी यामाहा एफझी१६, २०१० ची, कार्बोरेटरवाली. जून २०२३ पासून कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी होती आणि टाकीत तीनचार लिटर पेट्रोल तसंच राहिलेलं. नवी बॅटरी टाकल्यावर सुरू झाली, पण चोक ओढलेला असेल तरच. चोक सोडला की दोनतीन सेकंदांत बंद. घाई होती ती कागदपत्रांची. वर्षअखेरीला नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होणार, आणि सक्तीच्या नव्या नंबर प्लेटसाठी (एचएसआरपी) १२ मार्चची वेळ मिळाली होती. प्लेट बसवायला गाडी केंद्रावर न्यावी लागते. (तेव्हा मुदत ३१ मार्चची होती. पुढे ती वाढत गेली, पण वेळ घेतली तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं!)

पीयूसीचा आकडा जास्त आला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, असं कुणीही म्हणेल. इथे दुखणं नेमकं उलटं होतं. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो, आणि ते पेट्रोल मापून सोडणारे भोकाचे छोटे पितळी तुकडे म्हणजे जेट. गाडी जागेवर चालू असताना मेन जेट जवळजवळ काहीच करत नाही. सगळं पेट्रोल पायलट जेटमधून, म्हणजे केसापेक्षा जेमतेम काही पट जाड भोकातून येतं. ते भोक बुजलं की गाडी उपाशी राहते. चोक स्वतःच्या वेगळ्या वाटेने भरमसाट पेट्रोल ओततो, म्हणून चोकवर गाडी चालते आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अशा वेळी मिक्श्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, पिळत बसण्यात अर्थ नाही. बुजलेल्या वाटेवरचा नळ कितीही फिरवला तरी पाणी येत नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने कार्बोरेटरची खालची, पेट्रोल साठवणारी वाटी उघडून स्प्रे मारला. ३०० रुपये. दोन दिवस गाडी बरी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यात त्याची चूक म्हणता येणार नाही. कार्बोरेटर गाडीवरच ठेवून स्प्रे मारला की समोर दिसणारी भोकं साफ होतात. बॉडीच्या आत कोनात वळलेल्या वाटांमध्ये साचलेला चिकटा तिथेच राहतो. उभ्या गाडीतलं हलकं पेट्रोल उडून जातं, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन वार्निशसारखा थर बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे पितळेवर हिरवट आणि अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. या दोन वेगळ्या घाणी आहेत. हा फरक पुढे कामाला येतो.

अल्ट्रासॉनिकने, म्हणजे पाण्यात बुडवून आवाजाच्या कंपनांनी, साफ करून देणारे आहेत. एका ठिकाणी उतरवणं-बसवणं धरून १,२०० रुपये सांगितले आणि नंबर दहा दिवसांनी. सोसायटीतल्या आणखी दोन जुन्या गाड्यांचं दुखणं हेच होतं, म्हणून तिघांत मिळून दोन लिटरचं मशीन मागवलं: ६,९०० रुपये, ४० किलोहर्ट्झ, ६० वॅट, हीटर वेगळा. एका कार्बोरेटरसाठी मशीन घेऊ नका, १,२०० देऊन मोकळे व्हा. मशीन घ्यायचंच तर दोन लिटरच्या खालचं नको. चष्मे आणि दागिने धुवायच्या छोट्या डब्यात हीटर नसतो, ताकद कमी असते आणि बॉडी पूर्ण बुडत नाही.

१६ फेब्रुवारी, पहिला रविवार. उतरवणं.

मोकळ्या हवेत, आजूबाजूला कुठे देव्हाऱ्यातला दिवासुद्धा नको. सीट आणि टाकी काढली, पेट्रोलची नळी सोडवून टोक बंद केलं. दोन्ही बाजूंच्या रबरांचे क्लॅम्प सैल केले. टीपीएसचा, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचा कप्लर काढला, मग केबल आणि चोक. रबर कडक झालेलं असेल तर ओढाताण करू नका. हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम केलं की कार्बोरेटर हलवत हलवत निघतो.

बऱ्याच जणांचं पहिलं नुकसान इथे होतं. वाटीचे प्लस स्क्रू जपानी मापाचे असतात आणि नेहमीचा प्लस स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की घसरतो आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. डोक्यावर एका बाजूला बारीक ठिपका दिसला तर तो याच जातीचा. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर दोनअडीचशेला मिळतो. आधी स्क्रूवर हलका ठोका द्या, मग फिरवा.

टीपीएस बॉडीवर कसा बसला होता त्याची सुईने रेघ मारून मगच तो काढला. तो पाण्यात घालायचा नाही आणि परत बसवताना अंश न् अंश त्याच जागी यायला हवा. रेघ नसेल तर नंतर मीटर लावून सेट करत बसावं लागतं.

या कार्बोरेटरला, मिकुनीच्या बीएस २६ ला, वरच्या झाकणाखाली स्लाइडला, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या भागाला, जोडलेला पातळ रबरी पडदा, डायफ्राम असतो. झाकणाखाली स्प्रिंग दबलेली असते, म्हणून शेवटचा स्क्रू काढताना झाकण अंगठ्याने दाबून धरायचं. डायफ्राम उजेडासमोर धरून पाहिला, भोक नव्हतं. टाचणीएवढं भोक असलं तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही आणि गाडी वरच्या वेगाला मरते. तो दोष साफसफाईने जात नाही.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो अलगद पूर्ण आत फिरवून आटे मोजायचे. इथे सव्वादोन भरले. आकडा तिथल्या तिथे लिहून ठेवा. बोटाने लागेल तेवढंच आत फिरवा, जोर केला तर सुईसारखं टोक बसकं होतं आणि मग स्लो, म्हणजे जागेवरचा वेग, कधीच नीट लागत नाही. स्क्रूमागे स्प्रिंग, मग छोटा वायसर, मग अगदी बारीक ओ-रिंग (रबरी कडी), याच क्रमाने. वायसर आणि ओ-रिंग हमखास भोकातच अडकून राहतात. ओ-रिंग आत राहिली आणि बॉडी मशीनच्या टाकीत गेली, तर ती फुगते आणि पुढे हवा गळते. शिवणाची सुई टोकाला किंचित वाकवली की ती बाहेर येते.

मेन जेट, पायलट जेट, नीडल जेट, फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) आणि त्याची पिन, फ्लोटची सुई, चोकचा प्लंजर असं सगळं बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात. फ्लोटची पिन एकाच बाजूने निघते. उलट्या बाजूने ठोकली तर तिचा खांब तुटतो आणि अख्खी बॉडी वाया जाते. बटरफ्लायचे, म्हणजे थ्रॉटलच्या फिरत्या चकतीचे, दोन स्क्रू मात्र काढले नाहीत. कारखान्यात त्यांची मागची टोकं ठेचलेली असतात. काढले तर धागे जातात, आणि सैल राहिले तर स्क्रू थेट इंजिनात.

पायलट जेट उजेडाकडे धरला. काळोख. मेन जेटमधून मात्र स्वच्छ गोल उजेड दिसत होता. निदान बरोबर होतं एवढा दिलासा मिळाला. वाटीच्या तळाशी मधासारखा तपकिरी थर आणि एका कोपऱ्यात पांढरी भुकटी होती. वाटीची ओ-रिंग बाहेर काढताच लांबलेली दिसली, खाचेत परत बसेना. इथेनॉलने रबर फुगतं. एकदोन दिवस उघडी ठेवली की बऱ्याचदा आक्रसून मापात येते, हे अडीअडचणीला माहीत असावं.

मशीन यायला शनिवार, २२ तारीख उजाडली. मधल्या दिवसांत पुण्याच्या नाना पेठेतून ओ-रिंग आणि फ्लोटच्या सुईचं किट आणलं, ४२० रुपये. वाटीची ओ-रिंग त्या किटात किंचित जाड निघाली, म्हणून अधिकृत काउंटरवर ९५ रुपयांना मागवली. आठवडा लागेल म्हणाले. मध्ये महाशिवरात्र होतीच.

२३ फेब्रुवारी, दुसरा रविवार. मुख्य काम.

आधी समजुतीची गोष्ट. ४० किलोहर्ट्झ म्हणजे पाण्यात सेकंदाला चाळीस हजार वेळा दाब वर-खाली. दाब उतरतो तेव्हा सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि दाब चढला की फुटतात. ते फुटताना पृष्ठभागावर पाण्याची बारीक सणसणीत धार बसते, तीच घासणी. म्हणजे घासणारं पाणी आहे, मशीन नव्हे. जिथे पाणी पोचत नाही तिथे मशीन काहीही करत नाही. पूर्ण बुजलेल्या वाटेत पाणी शिरतच नाही आणि अडकलेल्या हवेच्या फुग्यातही काही घडत नाही. ‘मशीनमध्ये टाकलं तरी फरक नाही’ अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं.

म्हणून सकाळी सगळ्या वाटांमध्ये कार्ब क्लीनर स्प्रे (३४० रुपये) नळीने भरून अर्धा तास ठेवला. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. नंतर बॉडी जुन्या टूथब्रशने घासून साध्या साबणाच्या पाण्याने धुतली आणि चांगली वाळवली. बाहेरचं ऑइल आणि माती घेऊन बॉडी टाकीत टाकली तर पाच मिनिटांत पाण्याचा चिखल होतो. आणि स्प्रेचा अंश उरला असेल तर गरम पाण्यावर त्याची वाफ उठते.

मशीनच्या टाकीत १.६ लिटर डिस्टिल्ड पाणी आणि ४० मिली न्यूट्रल पीएचचा, अॅल्युमिनियमला चालणारा अल्ट्रासॉनिकचा साबण. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांतलं काहीही टाकीत घालायचं नाही. गरम टाकी, वीज आणि पेट्रोलची वाफ म्हणजे सरळ स्फोटाला आमंत्रण. कॉस्टिकचे ओव्हन क्लीनर, फरशीचं अॅसिड हेही नको. बॉडी काळी पडते आणि काळेपणा परत जात नाही. लिंबाच्या रसाने पितळ झळझळीत होतं, पण बॉडीला तो लागू देऊ नका. नळाचं पाणी चालतं, फक्त वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि तेच डाग जेटमध्येही पडतात.

पहिली दहा मिनिटं मशीन रिकामंच चालवलं. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर यावी लागते, नाहीतर बुडबुडे मऊ फुटतात. सुरुवातीला पाणी सोड्यासारखं फसफसतं, मग आवाज एकसारखा बारीक होतो. त्यानंतर डबा गुंडाळायच्या फॉइलची पट्टी एक मिनिट उभी बुडवून पाहिली. तिच्यावर सगळीकडे बारीक खड्डे आणि काही भोकं पडली तर मशीन ठीक. डाव्या बाजूला खड्डे जवळजवळ नव्हते, म्हणजे तो भाग सुस्त. मशीन नवं असो, जुनं असो, ही चाचणी करा. परतीची मुदत संपण्याआधी केलेली बरी.

बॉडी जाळीच्या टोपलीत, तळाला न टेकवता. तळावर ठेवलेली वस्तू कंपनं दाबते आणि टाकीचा पत्राही कोरला जातो. पाण्यात सोडताना बॉडी वाकडीतिकडी फिरवून आतली हवा घालवायची, शेवटचा बुडबुडा येईपर्यंत. जेट वेगळे ठेवले: काचेच्या छोट्या ग्लासात तेच पाणी, त्यात जेट, आणि ग्लास टाकीत अर्धा बुडवलेला. काचेतून कंपनं जातात, प्लास्टिकचा डबा ती गिळतो. शिवाय जेट हरवत नाहीत. फ्लोट, डायफ्राम, टीपीएस, सगळी रबरं बाहेर. पोकळ प्लास्टिकच्या फ्लोटला अदृश्य तडा गेला तर तो पेट्रोल पिऊन बुडतो, म्हणून तो हाताने पुसला.

८ मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर बॉडी वेगळ्या बाजूवर. पाण्यात या आवाजाची लांबी साधारण पावणेचार सेंटीमीटर असते, त्यामुळे दर दोनेक सेंटीमीटरवर जोरकस आणि सुस्त पट्टे पडतात. वस्तू हलवली नाही तर तोच भाग सुस्त पट्ट्यात बसून राहतो. एकदम अर्धा-पाऊण तास चालवण्यात फायदा नाही. धातूवर करडी झाक येते आणि कडा झिजतात.

तापमान ५० वर लावलं होतं. दुसऱ्या फेरीअखेर थर्मामीटर ६३ दाखवत होता. हीटर बंद झाला होता, पण कंपनांचीच ऊर्जा पाणी तापवते. बटरफ्लायच्या दांड्यावरचे सील निघत नाहीत, म्हणून ६० च्या वर जाऊ द्यायचं नव्हतं. झाकण काढून वीस मिनिटं थांबलो आणि तिसरी फेरी हीटरशिवाय केली. चालू टाकीत बोट घालून बघायचा मोह टाळा, चिमटा वापरा.

पहिल्याच फेरीत चोकच्या वाटेतून तपकिरी धूर निघावा तशी घाण पाण्यात उतरली. बघायला फार समाधान वाटतं, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. पायलट जेट उजेडाला धरला तर अजून काळोखच. त्यात पुन्हा स्प्रे, पंधरा मिनिटं, आणि वायरमधली तांब्याची एक तार हलक्या हाताने. तार एका बाजूने शिरली मात्र, मग दहा मिनिटांच्या एका फेरीत तो पूर्ण मोकळा झाला. स्टीलची तार किंवा टाचणी नको. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी जेट बिघडला. पांढरी भुकटीही निघाली, पण तिच्याखाली धातूवर खड्डे होते ते राहिले. चिकटा धुतला जातो, गंज खाल्लेला धातू परत येत नाही. खड्डे फ्लोटच्या सुईच्या बैठकीवर असते तर बॉडी बदलावी लागली असती. सुदैवाने ते वाटीत होते.

धुणं आणि वाळवणं हे अर्धं काम आहे. कोमट डिस्टिल्ड पाण्यात दोनदा खळबळून बॉडी पंक्चरवाल्याकडे नेली. गाडीच्या टायरचा छोटा पंप इथे निरुपयोगी, दाब असतो पण वारा कमी. पंक्चरवाल्याला कॉम्प्रेसरमधलं पाणी आधी सोडायला सांगा, मग प्रत्येक भोकातून वारा. वीस रुपये झाले. घरी आल्यावर खात्री: पायलट जेटच्या जागेतून स्प्रे मारला की बटरफ्लायजवळच्या सगळ्या बारीक भोकांतून आणि मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून फवारा दिसला पाहिजे. एकातून दिसत नव्हता. म्हणून आणखी एक फेरी, भोक वर करून. मग आला.

२ मार्च, तिसरा रविवार. जोडणी.

ओ-रिंग आदल्या दिवशी मिळाली होती. जेट पितळी, म्हणून नुसत्या मनगटाने घट्ट. मिक्श्चर स्क्रू सव्वादोन आटे बाहेर. डायफ्रामच्या कडेला छोटं कान असतं, ते बॉडीच्या खाचेत बसवायचं, आणि झाकण लावताना कड कुठे चिमटली नाही ना ते पाहायचं. नंतर बोटाने स्लाइड उचलून सोडली की ती सावकाश खाली यायला हवी, धप्पकन नव्हे.

गाडीवर चढवण्याआधी टेबलावर सिरिंजने नळीतून पेट्रोल घालून दहा मिनिटं बघा, असं मीच शेजाऱ्यांना सांगितलं होतं. स्वतःच्या वेळी ती पायरी गाळली. टाकी लावून पेट्रोल सोडलं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब सुरू. पुन्हा सगळं उतरवलं. फ्लोटच्या नव्या सुईखाली पुसायच्या फडक्याचा एक धागा होता, सव्वा सेंटीमीटरचा. दीड तास गेला. धागे न सोडणारं कापड वापरा, चष्मा पुसायचं जुनं कापड उत्तम.

जुनं पेट्रोल आधीच उपसून गॅरेजवाल्याला दिलं होतं, त्यांना पार्ट धुवायला लागतं. टाकी ताज्या पेट्रोलने खळबळली, नळीत ६० रुपयांचा फिल्टर घातला आणि १३० चा नवा प्लग बसवला. टाकी तशीच ठेवून कार्बोरेटर धुणं म्हणजे महिन्याभरात पुन्हा हेच.

चोकवर सुरू झाली. दोन मिनिटांनी चोक सोडला आणि गाडी बंद पडली नाही. दहा मिनिटं गरम झाल्यावर स्लोचा स्क्रू फिरवून १,४०० आरपीएमवर आणली. मिक्श्चर स्क्रू या जातीत इंजिनाच्या बाजूला असतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूचा एअर स्क्रू असेल तर नेमकं उलटं. पाव-पाव आटा फिरवत, जिथे आरपीएम सर्वांत वर जातं तिथे थांबलो: दोन आटे. रबरी जोडांवर हवा गळते का ते थंड इंजिनावर साबणाचा फेस लावून पाहिलं, काही नव्हतं.

खर्च: मशीनचा तिसरा हिस्सा २,३००. त्याशिवाय स्प्रे, पाणी (१२०), साबण (४५०), किट, ओ-रिंग, प्लग, फिल्टर, पहिल्या मेकॅनिकचे ३०० आणि पंक्चरवाल्याचे २० धरून १,९३५. गॅरेजच्या १,२०० पेक्षा हे कितीतरी जास्त आहे, बचत झाली असं कुणी सांगू नये. मशीनच्या हिशोबात अजून दोन कार्बोरेटर बाकी आहेत एवढंच.

८ मार्चला पुन्हा पीयूसी, त्याच केंद्रावर. गाडी आधी तीनचार किलोमीटर चालवून गरम करून न्या, थंड गाडीचा आकडा वर जातो. नंबर प्लेटचा फोटो घेतला. पावतीवर कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के, हायड्रोकार्बन ७२० पीपीएम, मुदत सहा महिने, शुल्क ५० रुपये. चार दिवसांनी नंबर प्लेटच्या रांगेत गाडी अर्धा तास जागेवर चालू होती, कारण तिथे सेल्फ मारून बॅटरी उतरवायची नव्हती. सहज मिक्श्चर स्क्रूच्या भोवती बोट फिरवलं. कोरडं.

साबणाचं वापरलेलं पाणी बाटलीत भरून ठेवलंय. तळाला बोटभर तपकिरी गाळ बसला आहे. वरचं नितळ पाणी शेजारच्या युनिकॉर्न दुचाकीच्या कार्बोरेटरच्या पहिल्या धुण्याला वापरणार आहोत.